वाळवंटातली ओल

सौदीत अबकैकच्या कॅम्पात आमच्या खोलीत रत्नागिरीकडचा एक पेंटर राहायचा. आठवडाभर प्लांटचे पाइप रंगवायचा आणि शुक्रवारी उरल्यासुरल्या रंगाने खोलीची भिंत. तिच्यावर त्याने समुद्र काढला होता, असं तो म्हणायचा. आम्हाला पाइपाच्याच हिरव्या रंगाचे तीन पट्टे दिसायचे.

"यात होडी कुठाय?" मी एकदा विचारलं.

"गेली. तू उशिरा उठलास."

माणूस महा खडूस. पाइपाला कुणी रंगाचा एक हात कमी दिला, तर तो सुपरवायझरलाही सोडायचा नाही. "पहिला हात दाखवायला, दुसरा टिकायला," हे ऐकून आमचे कान किटले होते.

मग त्याच्या जागी सौदी माणूस घ्यायचं ठरलं आणि त्याला कायमचं घरी पाठवलं. कॅम्प बॉस म्हणाला, "जाने से पहले दीवार सफेद चाहिए. खलास."

मला वाटलं, आता हा त्याची आयमाय काढणार. पण त्याने मुकाट्याने भिंत पांढरी केली. एकच हात दिला, तोही पाणी ओतून पातळ केलेला.

"आणि दुसरा हात?"

"तुला काय करायचंय? बॅग उचल."

चार महिन्यांत पांढऱ्यातून हिरवं वर आलं. पाऊस नाही, नळ नाही, मग हे डाग कसले, म्हणत कॅम्प बॉस माझ्याकडे आला, कारण दुरुस्तीचं रजिस्टर माझ्याकडे असतं.

मी गंभीर चेहऱ्याने दोन्ही रकाने भरले. तक्रार: भिंतीला ओल. कारण: समुद्र.