इन्सुलिन टोचलं आणि दिवस मावळला

मंडळी, आत्ताच घडलेलं लिहितेय.

आमचे सासरे अण्णा. आम्ही जैन, आणि अण्णांचा नियम कडक. दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणून रोज उजेडातच इन्सुलिन टोचतात आणि लगेच जेवतात. आज टोचलं आणि दारात पाहुणे, लग्नपत्रिका घेऊन! गप्पा रंगल्या. पाहुणे उठले तेव्हा अंधार पडलेला.

"आता न्हाय जेवत," अण्णा म्हणाले. मीही आग्रह केला नाही. म्हटलं, एका जेवणानं काय होतंय!

थोड्याच वेळात अण्णा घामानं भिजले. मला भलत्याच नावानं हाक मारायला लागले. मीटरवर शुगर ४८! साखरपाणी तोंडाशी नेलं तर दात आवळले. "दिस मावळलाय की गं!"

मग मी खोटं बोलले. "सकाळ झालीय अण्णा, पारणं करा."

घोट घोट करत पेलाभर प्याले.

डॉक्टर फोनवर ओरडलेच, "ताट समोर आल्याशिवाय सुई हातात घ्यायची न्हाय!"

आता शुगर वर आलीय. अण्णा खिडकीपाशी बसलेत. मघाशी हळूच म्हणाले, "पोरी, सकाळ झाली म्हणालीस न्हवं? मग अजून अंधार कसा?"

काय सांगू त्यांना?