जोहराबीच्या दारातला डफ

आमच्या जुन्नरात सत्तार दवंडीवाल्याचा आवाज ठाऊक नाही असा माणूस नव्हता. लिलाव असो, लसटोचणी असो, नाहीतर म्युनिसिपालटीची निवडणूक, त्याच्या डफावर थाप पडल्याशिवाय गावाला काही कळतच नसे. उमेदवार त्याच्या मागून पायी हिंडायचे, लोकांच्या ओट्यावर टेकून पाणी प्यायचे. पण एखाद्या घरात कुणी आजारी असलं, की सत्तार डफाच्या कातड्यावर तळहात दाबून गुपचूप पुढं जायचा. मागून येणाऱ्या उमेदवारालाही ओठांवर बोट ठेवून गप्प करायचा, मग तो कितीही बडा असो. अशा दारात त्यानं उभ्या हयातीत डफ वाजवला नव्हता.

सदतीस साली असेंब्लीची निवडणूक आली आणि उमेदवार पुनमचंद शेठांच्या पक्षानं पुण्याहून मोटार आणली. टपावर भला मोठा कर्णा. पिंपळवंडीपर्यंतची गावं एका दमात उरकायची होती. शेठ सत्तारला म्हणाले, "आता तू जरा आराम कर." आराम! पोटावर पाय देताना माणसाला शब्द किती गोड सुचतात बघा.

सत्तारला ते लागलं, पण त्याचा जीव तेव्हा दुसरीकडंच अडकला होता. त्याची बायको जोहराबी तापानं अंथरुणाला खिळली होती. कित्येक दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. त्या दुपारी तिनं डोळे उघडले आणि त्याला खुणेनं जवळ बोलावलं. ओठ हलू लागले. सत्तारनं कान तिच्या तोंडाशी नेला.

"काय म्हनतीस? बोल, ऐकतोय मी."

तेवढ्यात मोटार आळीत शिरली आणि कर्णा गरजला. सत्तार बाहेर धावला. "थांबा! घरात आजारी मानूस हाय!" एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत पोचणारा त्याचा आवाज त्याच्याच कानांना ऐकू येईना. त्यानं हात हलवले, तर मोटारीतल्यांनीही हसून हात हलवले. मग घाबऱ्याघाबऱ्या त्यानं खुंटीवरचा डफ ओढला आणि आपल्याच दारात बडवत सुटला.

मोटार थांबली. नेमकी तिथंच.

"सत्तारभाईंनी डफ वाजवून आमचं स्वागत केलं!" कर्णा ओरडला. आळी गोळा झाली. सत्तार आत जायला वळला, तर लोकांनी त्याला पुढं ढकललं. शेठ खाली उतरले, त्याच्या गळ्यात हार घातला आणि तिथंच भाषणाला उभे राहिले. सत्तार रडत होता. लोकांना वाटलं, आनंदानं.

मोटार गेली आणि तो आत आला, तेव्हा जोहराबी गेलेली होती. तिला काय सांगायचं होतं, ते कुणालाच कळलं नाही.

मयतीला शेठ आले. मनापासून हळहळले. म्हणाले, "अरे सत्तार, मला एका शब्दानं तरी सांगायचंस!"

सत्तारनं मान वर केली. घसा पार बसला होता त्याचा.

"सांगतच व्हतो, शेठ."