कडी असलेलं दार

माझा हात चांगला आहे. हे मी विनय बाजूला ठेवून सांगते, कारण विनयाने बाळंतपणं होत नाहीत. बावीस वर्षं मी नर्स आहे, त्यातली अकरा कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, या जंगलातल्या आरोग्य केंद्रात. दुसऱ्यांना न सापडणारी शीर मला बोटाखाली लागते, आणि पोटावर हात ठेवला की मूल आडवं आहे का उभं, ते कळतं. तरीही एका भाद्रपदात, भर दुपारी, माझ्या या चांगल्या हाताखाली एक पोरगी जवळजवळ गेली होती. आणि त्याचं कारण असं की मी सकाळपासून लघवीला गेले नव्हते. ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते.

आमचं केंद्र म्हणजे पाच खोल्या आणि पुढे एक पडवी. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात, कारण त्यांच्या गळ्यात आणखी एक केंद्र आहे. दुसऱ्या नर्सची जागा कागदावर आहे, खुर्चीवर नाही. उरलो मी आणि आमची आया. ती गावातलीच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि माझ्यावर हुकूम चालवायची तिला पूर्ण मुभा आहे.

कर्मचाऱ्यांसाठी शौचालय होतं, म्हणजे तशी पाटी होती. झाडाच्या मुळाने पाइप फोडला तेव्हा ते बंद झालं, मग त्याला कुलूप लागलं, मग आत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आल्या, मोडकी खाट आली, आणि शेवटी जागा उरली ती प्रचाराच्या फलकांनी भरली. सगळ्यांत पुढच्या फलकावर एक बाई नव्या शौचालयासमोर उभी राहून हसत होती. मी कुलूप उघडलं की ती माझ्याकडे बघून हसायची. मला तिचा फार राग यायचा.

रुग्णांचं शौचालय मागच्या बाजूला. त्याचं दार एका बिजागरीवर लटकलेलं, कडी नाही, आणि समोरून बसथांब्याची वाट. बाप्ये लोक तिथून बिडी ओढत जाणार. त्याच्या मागे सरळ जंगलच, पण पावसाळ्यात तिथे पाऊल टाकलं की पायाला जळवा. तेव्हा मी माझी सोय अशी लावली होती : रामनगरच्या घरून निघण्याआधी अर्धा कप चहा, साडेसातची बस, आणि संध्याकाळी सव्वासहाला घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोट नाही. फारच घसा सुकला तर चूळ भरायची. मला या गोष्टीचा अभिमान होता, हे कबूल करते. नव्या पोरी प्रशिक्षणाला यायच्या तर त्यांनाही मी हेच शिकवायची, जणू तो आमच्या कामातलाच एक धडा आहे.

आणि दिवसभर सांगत काय असायची, तर "पाणी पीत जा गं, तहान लागायची वाट बघू नकोस." समोरच्या गरोदर बाईला सांगताना माझेच ओठ फुटलेले असायचे. त्या वर्षात तीनदा मला लघवीची जळजळ होऊन ताप आला. तिन्ही वेळा पर्समधली गोळी घेतली आणि कामाला लागले. दुपारी बारानंतर डोकं जड व्हायचं, ओटीपोटात दुखायचं, आणि मी लोकांच्या अंगावर धावून जायची. म्हाताऱ्या बायका माझ्या खिडकीशी यायला बिचकायच्या. तालुकाभर माझं नाव रागीट सिस्टर म्हणून झालं होतं. त्यातला अर्धा राग माझा स्वतःचा, तो मी नाकारत नाही. उरलेला अर्धा मूत्राशयाचा होता.

त्या दिवशी गुरुवार, म्हणजे लसीकरणाचा वार. पडवीत वीसेक बायका पोरं घेऊन बसलेल्या, आणि डॉक्टरांचा दुसऱ्या केंद्राचा दिवस. दहाच्या सुमाराला जीप आली. वरच्या वाडीतली एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. सोबत तिची सासू, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली, काटक बाई. नवरा आणि दीर मागच्या वाटेवरच, त्या शौचालयासमोरच्या दगडावर बसले. भलीच माणसं होती, पण नेमकी तिथे बसली.

मी तपासलं. सगळं ठीक होतं. मग माझं धावणं सुरू झालं : दोन पोरांना लस, मग आत जाऊन बाळाचे ठोके, पुन्हा दोन पोरांना लस, मग रक्तदाब. बाळंतिणीचा एक तक्ता असतो. कळा किती, ठोके किती, नाडी किती, असे रकाने. त्यात एक रकाना लघवीचाही असतो. दर दोन तासांनी बाईला विचारायचं, जाऊन आलीस का, आणि मगच खूण करायची. भरलेलं मूत्राशय मुलाच्या वाटेत येतं आणि नंतर गर्भाशयाला आवळू देत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं. मी दोनदा खूण केली. एकदाही विचारलं नाही.

का नाही विचारलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. घाई होती, हे खरं. पण घाईत मी ठोके मोजायला विसरले नाही. खरी गोष्ट वेगळी होती. स्वतःच्या शरीराला मी इतकी वर्षं गप्प बसवत आले होते की दुसऱ्या बाईलाही तिथे काही होत असेल, हेच डोक्यात येईनासं झालं होतं.

एकच्या सुमाराला कळा मंदावल्या. पहिलटकरीण आहे, दमली असेल, असं मी धरून चालले. तीनला दहा मिनिटं कमी असताना मुलगी झाली. चांगली रडली, अडीच किलोच्या वर भरली. आयाने तिला पुसून गुंडाळलं. मी मांडीत इंजेक्शन दिलं, वार अख्खी पडली, आणि मी मनात म्हटलं, चला, पाचची बस मिळणार.

तेवढ्यात खाली रक्त दिसलं. थोडंफार असतंच, ते मला कळतं. हे तसं नव्हतं. मी पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय नारळासारखं घट्ट लागायला हवं. ते मऊ लागत होतं. मी चोळायला लागले, सलाइन जोडलं, दुसरं औषध दिलं. आयाला म्हटलं, फोन कर, गाडी मागव. फोनला रेंज फक्त पडवीच्या टोकाला, आणि मोठा दवाखाना दीड तासावर. पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते. ती मला म्हणाली, "अक्का, माज्या डोळ्यापुडं अंदार येतोय." मी घाबरले. बावीस वर्षांत मी क्वचितच घाबरले असेन. दीड तास ही पोरगी टिकणार नव्हती, आणि खोलीत मी सोडून दुसरं कुणी काही करू शकणार नव्हतं.

मग माझ्या हाताने मला सांगितलं. गर्भाशय मध्ये नव्हतंच. ते बेंबीच्या वर, उजवीकडे सरकलेलं होतं, आणि खाली फुगवटा होता. मी ओरडलेच, "शेवटचं लघवीला कधी गेली होती ही?"

सासू उशाशी उभी होती. म्हणाली, "सकाळी घरातनं निघताना."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तू इचारलंच न्हाईस, बाई. आनी त्या दाराला कडी न्हाई, म्होरं बाप्ये बसल्यात. तिला म्हटलं, दम काढ जरा."

दम काढ. मी रोज सकाळी बसमध्ये बसताना स्वतःला हेच म्हणायची.

मी लघवीची नळी घातली. पिशवी भरत गेली, भरतच गेली. आणि हाताखाली गर्भाशय हळूहळू खाली आलं, मध्ये आलं, घट्ट व्हायला लागलं. रक्ताची धार बारीक झाली, मग थांबली. मी हात काढला नाही. पंधरा मिनिटं तशीच उभी राहिले, ते पुन्हा सैल पडेल या भीतीने. गाडी आली तेव्हा पोरगी पेज मागत होती. तरी मी तिला पाठवलीच, आणि सोबत गेले. पाचची बस चुकली. मोठ्या दवाखान्यात तिला रक्ताची बाटली लावली, मग मी तिथल्या शौचालयात जाऊन कडी लावली आणि रडले. पोरगी वाचली म्हणून रडले, आणि लाज वाटली म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तोवर मी तक्त्यातल्या त्या दोन खुणा, खालचं दिसेल अशा एका रेघेने खोडल्या होत्या, शेजारी सही केली होती आणि कन्नडमध्ये स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं : लघवीबद्दल विचारलं नाही, मूत्राशय भरल्याने रक्तस्राव, केंद्रात बायकांना जाता येईल असं शौचालय नाही.

डॉक्टरांनी वाचलं आणि चष्मा काढला. "सिस्टर, बाई वाचली, मूल छान आहे. स्वतःच्याच हाताने स्वतःच्या गळ्यात कशाला घालून घेताय?"

"सर, ही वाचली. पुढची वाचेलच असं मला सांगता येणार नाही."

माणूस वाईट नव्हता. चष्मा पुन्हा लावला, सही केली. म्हणाले, "अकरा वर्षं तुम्ही कुठे जाता, हे मी कधी विचारलं नाही." मी म्हटलं, "मीही तिला विचारलं नाही." मग आम्ही दोघेही आपापल्या कामाला लागलो.

कागद वर गेला आणि अपेक्षेप्रमाणे चौकशी आली. एक मोठ्या बाईसाहेब, तीन तास जीपमधून हाडं खिळखिळी होत आलेल्या. मी त्यांचं स्वागत मनापासून केलं. आधी पाणी, मोठा तांब्याभर. मग ताक. रजिस्टरं उघडली तेव्हा चहा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा चहा. आया मला डोळ्यांनी खुणावत होती, पुरे म्हणून. मी लक्ष दिलं नाही. त्यांनी मला कडक प्रश्न विचारले आणि मी सगळ्यांची खरी उत्तरं दिली. हो, खूण खोटी केली होती. हो, चूक माझी. मग त्या जरा चुळबुळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, इथे जायला कुठे आहे?"

मी आधी कर्मचाऱ्यांच्या शौचालयाचं कुलूप उघडलं. गोण्या, खाट, आणि ती हसणारी बाई. मग त्यांना मागे नेलं, ते लटकणारं दार दाखवलं. समोरच्या दगडावर तेव्हाही दोघे बसले होते. मग मी छत्री उघडली आणि मिठाची पुडी त्यांच्या हातात दिली.

"हे कशाला?"

"जळवा असतात मॅडम, मीठ टाकलं की सुटतात. चला, मी छत्री आडवी धरून उभी राहते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाई हुशार होत्या. "तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"हो मॅडम. फक्त तुम्हाला आज तीन तास झाले. मला अकरा वर्षं झाली."

त्या झाडीत गेल्या. मी पाठ करून उभी राहिले. आल्या तेव्हा घोट्याला एक जळू होतीच, मी मीठ टाकून काढली. त्या वेळी आम्ही दोघी एकदम हसायला लागलो, पण त्या हसता हसता थांबल्या आणि त्यांनी जीपमधून वही मागवली. मला समज देणारं पत्र आलं, ते मी सही करून घेतलं. ते माझं देणंच होतं. त्याच आठवड्यात पाइपवाले आले. पंधरा दिवसांत एक शौचालय आमचं, एक बायकांचं, दोन्हींत पाणी आणि दोन्हींना आतून कडी. फलक आता पडवीत उभे आहेत. त्या बाईचा मला आता राग येत नाही.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या नर्सची जागा अजून कागदावरच आहे आणि गुरुवारी मी अजूनही धावते. पण मी पाणी पिते. टेबलावर माझा तांब्या असतो, आणि दुपारनंतर मी बऱ्यापैकी माणसासारखी वागते असं आया सांगते. तक्त्यातली खूण मी आता बाई जाऊन आल्याशिवाय करत नाही. तिला दारापर्यंत पोचवते आणि बाहेर उभी राहते.

त्या बाळंतपणानंतर दीड महिन्याने, पुन्हा एका गुरुवारी, ती सासू नात घेऊन आली. माझी पाण्याची गोष्ट आयाने तोवर वाड्यावाड्यांत पोचवली होती. सून मागे उभी, गालांवर रंग आलेला. पडवी भरलेली होती आणि मला उशीर झाला होता. मी लस भरून घेणार, तेवढ्यात सासूने बाळ छातीशी धरून एक पाऊल मागे घेतलं.

"थांब, बाई. तू जाऊन आलीस?"

"मावशी, केवढी रांग आहे बघा."

"आसूंदे रांग. तू आधी जाऊन ये. मंग सुई धर."

मागच्या बायका हसल्या, पण एकीनेही घाई केली नाही. त्यातल्या अर्ध्या मला घाबरून असायच्या. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि उठले. बाळ, सून, सासू आणि अख्खी पडवी माझ्यासाठी थांबली. मी आत गेले आणि कडी लावली.