हिराबाईंचा डबा

"सँपल फेल आहे, मॅडम." घोटीच्या आमच्या राइस मिलच्या शेठनी रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला. "तांदळात लोह नावालाही नाही. आणि सर्टिफिकेटवर सही तुमची."

सही माझीच होती. मी क्वालिटी कंट्रोलला आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ कालवून यंत्रातून तांदळासारखेच दाणे पाडतात. शंभर किलो साध्या तांदळात हे दाणे किलोभर मिसळले, की झाला फोर्टिफाइड तांदूळ. अंगणवाडीतल्या पोरांना रक्त कमी पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप. आणि तिथलंच सँपल फेल! पुन्हा तसं झालं तर पुरवठा बंद, असं रिपोर्टसोबतच्या सरकारी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

दाणे मिसळणारा ब्लेंडर तपासला. ठीक. त्याच लॉटचं मिलमध्ये ठेवलेलं सँपल लॅबला पाठवलं. पास. मग लोह गेलं कुठं? आजवर माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. शेवटी ज्या अंगणवाडीतून सँपल उचललं होतं, तिथंच जाऊन थडकले.

खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस हिराबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी मिलची, हे कळताच उठल्या आणि एक डबा माझ्यासमोर आदळला. आत काठोकाठ पिवळसर दाणे.

"तुमच्यासाठीच ठिवलंय. लय भेसळ हाय तुमच्या तांदळात! पोतं आलं का मी समदं निवडते, मंगच कोठीत भरते. असलं प्लास्टिक पोरांच्या पोटात नाय जाऊ द्यायची मी."

मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क हसले. हिराबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

"अहो, हे प्लास्टिक नाही. लोह यातच आहे."

"तुमी म्हनालच. खाऊन दावा."

डब्यातले चिमूटभर दाणे साध्या तांदळात टाकून भात लावायला सांगितला. शिजल्यावर ते ओळखूही येईनात. हिराबाईंसमोर ताटलीभर भात खाल्ला, नुसत्या मिठाशी.

हिराबाईंनी डबा पुढ्यात ओढला. मग हळूच म्हणाल्या, "मंग मी पोरांच्या तोंडचंच काढून ठिवलं का वो?"

मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोत्यावर सगळं छापलेलं होतं, बारीक अक्षरात. पण तांदूळ निवडणाऱ्या बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि तांदळामागोमाग मी मिलच्या गेटबाहेर कधी गेले नव्हते.

"चूक आमची आहे," मी म्हणाले.

पुढचं सँपल पास झालं. शेठनी स्वतः चहा मागवला.

दोन-तीन महिन्यांनी हिराबाईंचा फोन आला. "ताई, ह्या पोत्यात ते दाणे दिसतच नाय. दोनदा निवडून पाह्यलं."

ब्लेंडर उघडायला लावला. दाणे सोडणारं नरसाळं खरंच तुंबलं होतं. तो लॉट लगेच परत मागवला. त्यावरही माझीच सही होती.

आता सही मी करते, पण जीव भांड्यात पडतो तो हिराबाईंनी पोतं निवडून पाहिल्यावरच.