दलालांच्या घरच्या कपबशा

आमचे घरांचे दलाल काहीही सांगून झालं की शेवटी ‘बेफिकर राहा’ म्हणत. पोलीस ॲक्शन होऊन निजामी राजवट नुकतीच संपली होती. अर्धं शहर सामान बांधत होतं, अर्धं सोडत होतं. ह्यांची सरकारी नोकरी राहते की जाते तेही कळेना. तेव्हा इथंच घर घ्यावं की सोलापूरला माझ्या भावाकडे निघावं, ह्या वादात आमची जेवणं थंड व्हायची.

दलाल मात्र शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून हिमायतनगरातलं घर दाखवायचे. भिंतीवर थाप मारायची आणि म्हणायचं, “वहिनी, अशी जागा सोडून कोण जातंय? बेफिकर राहा.” घराचा मालक तेव्हा आतल्या खोलीत ट्रंका भरत होता.

शेवटी घर घ्यायचं ठरवून आम्ही बयाणा द्यायला नामपल्लीला त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. तिथं वळकट्या दोरीनं आवळलेल्या, भांडी पोत्यात. त्यांची बायको म्हणाली, “चहा टाकते, पण कपबशा पार तळाशी गेल्यात हो.”

“कुठं निघालात?” मी विचारलं.

“कुठं नाही,” दलाल पहिल्यांदाच हळू बोलले. “म्हटलं, तुम्ही राहताय का बघू. मग आपलं ठरवू.”

हे तडक उठले. मी म्हटलं, “बसा हो. कपबशा काढू द्या त्यांना.”

दलालांनी स्वतः पोत्याची गाठ सोडली. चहा झाला, बयाणा दिला. दारापर्यंत पोचवायला आले, पोत्याची दोरी हातातच.

“बेफिकर राहा,” मीच म्हणाले.