ओटीवरचं गप्प बसणं

योगाविषयीच्या माहितीपटांचा एक काळ होता. घरात केबल आली होती आणि रिमोट फिरवला की कुठल्यातरी चॅनेलवर धुकं, नदीचा घाट आणि डोळे मिटलेला जटाधारी हमखास सापडायचा. पाठोपाठ परदेशातला मोठा हॉल, रंगीत चटया, घट्ट कपड्यांतल्या बायका. शेवटी एक प्राध्यापक चष्मा सारखा करत सांगायचे की ही आता साधना राहिली नसून बाजार झाला आहे. मी हे सगळं आवडीने बघायचे आणि तितक्याच आवडीने नावं ठेवायचे. तसला एखादा आमच्या निर्मळ गावात येऊन कोणी काढेल असं काही वाटलं नव्हतं.

आई शाळेत शिक्षिका होती. कंबरदुखीवर डॉक्टरांनी आसनं सांगितली, तिला गुण आला आणि तिचं बघून आळीतल्या बायका जमू लागल्या. आमच्याकडे तेवढी जागा नव्हती, म्हणून वर्ग समोरच्या ख्रिस्ती शेजारणीच्या ओटीवर भरायचा. ही शेजारीण आईपेक्षा मोठी, केळीची वाडी एकहाती सांभाळणारी. घरच्यांशी तिची बोली निराळी, आमच्याशी मात्र शाळेतलं मराठी. अर्ध्या बायका चर्चला जाणाऱ्या, अर्ध्या देवळात जाणाऱ्या. आसनं संपली की सगळ्या डोळे मिटून गप्प बसायच्या. ॐकार नाही, प्रार्थना नाही. जिने तिने मनात हवं ते म्हणावं आणि दुसरीने विचारू नये, हे आईने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. तिचा खरा जीव आसनांत नव्हताच, या गप्प बसण्यात होता. त्यानंतर घरी आलेली आई बराच वेळ कोणावर चिडायची नाही.

माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा भाऊ दिल्लीत माहितीपट करायचा. त्याला आश्रम नको होते, साध्या घरातला योग हवा होता. मी हौसेने आमचा पत्ता दिला. तो कॅमेरावाल्याला आणि आवाज टिपणाऱ्याला घेऊन आला. एरवी पंजाबी ड्रेसवर येणाऱ्या बायका त्या दिवशी झाडून सगळ्या जरीच्या साड्या नेसून हजर. जरीत भुजंगासन काही जमेना, मग त्यांना कपडे बदलायला घरी धाडावं लागलं. शेवटी त्याने विचारलं, सगळ्या मिळून एकदा ॐ म्हणाल का? आई म्हणाली, इथे म्हणत नाहीत. त्याने अगदी समजूतदारपणे मान डोलावली. आवाज टिपणाऱ्याने तर ओटीवरची शांतता मुद्दाम वेगळी टिपून घेतली आणि फार कौतुक केलं.

एका शनिवारी संध्याकाळी तो माहितीपट लागला. आमच्या टीव्हीपुढे अख्खी आळी बसली होती. घाट झाला, हॉल झाला आणि पडद्यावर शेजारीण आली. मिटलेले डोळे, गळ्यात क्रूस आणि वरून घुमणारा ॐकार. ॐचा शेवट मिटल्या ओठांनीच होतो, त्यामुळे तो तिच्याच घशातून निघतोय असं कोणालाही वाटावं. पोरं हसली. तिने हातातला कप खाली ठेवला आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर बायकांनी तिला गाठलंच, हे कधीपासून सुरू केलंस म्हणून.

मी दिल्लीला फोन केला. तो म्हणाला, शांतता पडद्यावर चालत नाही, लोक चॅनेल बदलतात. मला त्याचा राग आला आणि अजूनही आहे.

सोमवारी ओटीवर चटया पडल्या नाहीत. आई आणि मी समोर गेलो. शेजारीण केळीची पानं पुसत बसली होती. आईने माफी मागितली.

"तुम्हाला बोल नाही लावत, बाई," ती म्हणाली. "पण माझ्या तोंडात त्यांनी दुसऱ्याचा आवाज घातला. आता डोळे मिटले की तोच ऐकू येतो."

आणि इतक्या वर्षांत कोणी कोणाला विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं. "तुम्ही काय म्हणता मनात?"

"काहीच नाही," आई म्हणाली. "तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही, म्हणून बसते."

शेजारणीने हातातलं पान बाजूला ठेवलं. मग म्हणाली, उद्यापासून बसू, पण डोळे उघडे ठेवून. आई लगेच हो म्हणाली. वर्ग मोडला नाही याचाच तिला आनंद झाला होता.

वर्ग पुढे कितीतरी वर्षं चालला. आसनं झाली की बायका गप्प बसायच्या आणि समोर बघायच्या. समोर आमचं घर. दारात चहासाठी ताटकळलेले वडील, पायरीवर दुधाची पिशवी, दोरीवर कालचे कपडे. बाकीच्या बसलेल्या असताना आई अर्ध्यातून उठायची आणि कोणी हाक मारायच्या आधीच घरी यायची.