चन्नप्पांचा चालू माग

साखर पेठेच्या मागच्या अंगाला असलेल्या चन्नप्पांच्या घरात शिरताना पाय जपून टाकावा लागतो. पहिल्याच खोलीत उजव्या हाताला, जमिनीत कमरेइतका खोल खड्डा आहे. त्यावर लाकडी माग. विणकर खड्ड्याच्या कडेला बसतो, पाय आत सोडतो आणि हाताने धोटा फेकत लुगडं विणतो. चन्नप्पांच्या घरात तीन पिढ्या जगल्या त्या या खड्ड्याच्या जोरावर. खड्डा खणला त्यांच्या आजोबांनी. भिंती नंतर उभ्या राहिल्या. घर आधी की माग आधी, हा प्रश्न या घरात कुणाला पडला नाही, कारण उत्तर माहीत होतं.

चन्नप्पा आता सत्तरीच्या पुढचे आहेत. उंची बेताची, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे. घरात कानडी, दारात मराठी आणि समोरच्या सावित्रम्माशी मोडकीतोडकी तेलुगू. गल्लीत तीन भाषा चालत, पण सकाळी जाग यायची ती एकाच आवाजाने. पहाटे कुठल्या तरी घरात पहिला धोटा फिरे, मग दुसऱ्या, मग सगळ्याच. त्या आवाजात पोरं अभ्यास करत, म्हातारी माणसं झोपत. महादेवी, म्हणजे चन्नप्पांच्या पत्नी, लग्न होऊन आल्या तेव्हा पहिले काही दिवस त्यांचं डोकं दुखलं. नंतर माहेरी अक्कलकोटला गेल्या की शांततेने दुखायला लागे.

चन्नप्पा विणत, महादेवी शेजारी बसून रहाटावर धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरत. बोलणं फार होत नसे. कांडी संपत आली की चन्नप्पा नुसता हात मागे करत आणि भरलेली कांडी हातात येई. कधी येत नसे.

"चहा घ्या मग कांडी देते," महादेवी म्हणत.

"चहात बुडवून विणू का?"

"विणा की. रंग तरी चढंल."

लुगड्यांचे दिवस सरले. गल्लीतले माग एकेक करून उखडले गेले, खड्डे बुजले, त्यांवर फरश्या आल्या. चन्नप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागले. सायकलच्या हँडलला डबा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. यंत्रमागांच्या गोंगाटात त्यांनी पुढची वर्षं काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. पण घरातला माग त्यांनी उखडू दिला नाही. त्यावर शेवटच्या लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, तसेच चढवलेले राहिले. दरवर्षी खंडेनवमीला मागाची पूजा करायची, चार बोटं कापड विणायचं आणि पुन्हा चादर झाकायची. एरवी त्या चादरीवर धुतलेले कपडे, नातवंडांची दप्तरं आणि लग्नपत्रिका पडलेल्या असत.

इथे या गल्लीची एक रीत सांगायला हवी. विणकरांच्या घरात 'माग बंद' हे शब्द उच्चारत नसत. संध्याकाळी काम थांबवलं की 'माग निजवला' म्हणायचं. सूत मिळेना, मागणी नाही, महिनाभर काम नाही, तरी कुणी विचारलं तर 'चालू आहे' हेच उत्तर. कुंकू संपलं की वाढलं म्हणतात, तसंच हे. 'माग बंद' फक्त एकाच प्रसंगी म्हणत. गल्लीत कुणी वारलं की. मग सगळे धोटे थांबत, आणि बाहेरून आलेल्या माणसाला मयताच्या घरातलं माणूस दारात एवढंच सांगे, "आज माग बंद." ऐकणारा पुढचा प्रश्न एकच विचारी. "कोण?"

चन्नप्पांची मुलगी चंद्रिका एका पतसंस्थेत नोकरी करते. तिला या गोष्टी लहानपणापासून ठाऊक होत्या, पण विम्याच्या अर्जाशी त्यांचा संबंध येईल असं तिला वाटलं नव्हतं. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तेव्हा तिने सोबत घराचा आणि घरातल्या सामानाचा विमाही उतरवला. अर्जात एक प्रश्न होता. घरात काही व्यवसाय चालतो का? तिने 'नाही' लिहिलं. माग तिच्या डोळ्यासमोर आलाच नाही. तिच्या दृष्टीने तो कपडे वाळत घालायची जागा होती.

एप्रिलमध्ये भर दुपारी स्वयंपाकघरात शॉर्टसर्किट झालं. चन्नप्पा आणि महादेवी देवळात होते. सावित्रम्माने आरडाओरडा केला, गल्लीने बादल्या आणल्या, बंब आला. तोवर छपराचे वासे खाली आले होते. टीव्ही, कपाट, गाद्या, भांड्यांची मांडणी गेली. मागाचा वरचा सांगाडा अर्धा जळाला आणि ताणा पूर्ण. खाली खड्ड्यात पडलेला धोटा तेवढा शाबूत निघाला.

महादेवी चंद्रिकाकडे राहायला गेल्या. तिसरा मजला, स्वच्छ घर, जावई चांगला. तरी त्या रोज विचारत, "कधी जायचं घरी?" चंद्रिका सांगे, विम्याचे पैसे आले की छप्पर घालू, मग जायचं. छपराशिवाय पावसाळा काढता येणार नव्हता आणि विम्याशिवाय छप्पर होणार नव्हतं. चन्नप्पा मात्र हलले नाहीत. ते सावित्रम्माच्या ओट्यावर झोपत आणि दिवसभर जळक्या घराची राखण करत.

नुकसानीची पाहणी करायला विमा कंपनीने पाठवलेला माणूस मोहोळचा होता. उदयसिंह त्याचं नाव. मोटारसायकलवर आला, हेल्मेट दारात ठेवलं आणि फोटो काढायला लागला. वागायला मोकळा. चंद्रिकाने त्याला आधीच विचारून ठेवलं होतं की नक्की काय काय मिळतं. त्याने ते चन्नप्पांना साध्या भाषेत समजावलं.

"मामा, घर बदलताना टेम्पोत जे भरता येतं ते सामान. जे भरता येत नाही ते घर. भिंती, छप्पर, फरशी, वायरिंग हे घर. कपाट, टीव्ही, गाद्या, भांडी हे सामान. दोन्हींचा विमा वेगळा मोजतात. तुमच्या पोरीनं दोन्ही घेतलेत, हे लई बरं केलं."

"आन् देव्हारा?"

"टेम्पोत जातो की."

"देव जळाले न्हाईत. देव्हारा जळला."

"मग देव्हारा लिहितो. सोनंनाणं, रोख ह्यात येत न्हाय, त्याची वेगळी नोंद लागते. आणि जे आगीच्या आधीच मोडलेलं, कुजलेलं होतं, तेही न्हाय. वासे वाळवीनं खाल्लेले असते तर कंपनी म्हणाली असती, आग लागली नसती तरी पडले असते."

"वासे सागाचे व्हते," चन्नप्पा म्हणाले. ते जरा दुखावले होते.

मग उदयसिंह मागापाशी आला. वाकून पाहिलं. खड्ड्यात डोकावला.

"आणि हा माग? आगीच्या आधी ह्याच्यावर काम चालत होतं का?"

"चालू व्हता की," चन्नप्पा म्हणाले.

चंद्रिका दारातून म्हणाली, "अप्पा!"

"काय अप्पा? आज्जानं बसवल्यापासनं चालू हाय. कदी थांबला न्हाय."

उदयसिंहने लिहिणं थांबवलं. त्याने चन्नप्पांकडे पाहिलं, मग चंद्रिकाकडे. "ताई, अर्जात तर व्यवसाय नाही असं आहे."

घरात धंदा चालत असेल तर ही पॉलिसी लागू होत नव्हती. धंद्याची यंत्रं, सूत, तयार माल यांचा विमा वेगळा उतरवावा लागतो. आणि अर्जात नाही लिहून घरात माग चालवला असेल, तर कंपनी म्हणणार की माहिती लपवली. मग मागाचं सोडाच, छपराचंही मिळणं कठीण. उदयसिंहने हे सगळं आवाज न चढवता सांगितलं आणि कागद मिटला. "मी परत येतो. तुम्ही घरात बोलून घ्या. मला दुसऱ्या कुणाचं चालणार न्हाय, माग मामांचा हाय, त्यांनीच सांगायला पाहिजे."

त्या संध्याकाळी चंद्रिका आईला घेऊन आली आणि वडिलांवर चिडली. "एक वाक्य आहे ओ अप्पा. माग बंद आहे. संपलं. खरं तेच सांगायचंय, खोटं बोला म्हणत नाही मी."

"खरं खोटं मला शिकवू नको."

"मग अडतंय कुठं?"

"तुझा आज्जा गेला तवा तुझ्या आज्जीनं म्हटलं व्हतं. त्याच्यानंतर ह्या घरात कुणी म्हटलं न्हाय."

महादेवींनी नवऱ्याला गळ घातली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तितं तिसऱ्या मजल्यावर खालची मानसं दिसत्यात, पर वळखू येत न्हाईत." त्यावर चन्नप्पांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

पुढचे दिवस त्यांनी जळक्या खोलीत काढले. राख उपसली. मागाची काळी पडलेली लाकडं पुसली. लाकूड पुसलं की हाताला काजळी येई, हात धुतले की पुन्हा पुसायला जात. सावित्रम्मा ओट्यावरून बघत असे. "काय चन्नप्पा, नवरीला हळद लावल्यागत चाललंय तुझं," असं एकदा ती म्हणाली. चन्नप्पा पुसत राहिले.

उदयसिंह परत आला तेव्हा महादेवी आणि चंद्रिकाही आल्या होत्या. बसायला जागा नव्हती म्हणून सगळे उभेच होते. छप्पर नसल्याने ऊन थेट खड्ड्यात पडत होतं.

"बोला मामा. माग चालू होता का बंद?"

चन्नप्पा म्हणाले, "निजवला व्हता."

उदयसिंहला रीत माहीत नव्हती. त्याचं घराणं शेतीचं. पण तो चटकन हसला नाही. त्याने विचारलं, "निजवला म्हणजे परत उठवणार होता का?"

खरं तर प्रश्न एवढाच होता आणि तो चन्नप्पांना इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते मागाकडे बघत राहिले. दरवर्षीची चार बोटं धरली तरी ते लुगडं पुरं व्हायला आणखी एक जन्म लागला असता. आणि आता ताणाच नव्हता. महादेवी खड्ड्याच्या कडेला, पूर्वी रहाट असे त्या जागी उभ्या होत्या. चन्नप्पांनी सवयीने हात मागे केला. महादेवींनी तो धरला नाही की काही दिलं नाही. त्या म्हणाल्या, "सांगा आता."

चन्नप्पा मोठ्याने म्हणाले, एवढ्या मोठ्याने की खोलीत तेवढी गरज नव्हती, "माग बंद हाय."

समोरच्या ओट्यावरून लगेच प्रश्न आला. "कोण?"

सावित्रम्मा उठून उभी राहिली होती. तिला नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. हा प्रश्न तिने विचारला नव्हता, तो तिच्या तोंडून आपोआप निघाला होता.

"कुणी न्हाय, सावित्रम्मा," चन्नप्पा दारात येऊन म्हणाले. "मागच."

ती आत निघून गेली.

उदयसिंहने जबाब लिहिला. कारखान्यात लागल्यापासून घरी विणकाम नाही, वर्षातून एकदा पूजेपुरतं कापड विणलं जाई, विक्री नाही. चन्नप्पांनी कानडी वळणाच्या मराठीत सही केली. उदयसिंह म्हणाला की तो शिफारस करणार, आणि छपराचं काम अडायचं काही कारण त्याला दिसत नाही.

"मागाचं काय लिवलं?" चन्नप्पांनी विचारलं.

"धंद्याचं यंत्र न्हाय म्हटल्यावर घरसामान. जुनं लाकडी सामान, असं लिहिलंय."

"घरसामान," चन्नप्पा म्हणाले. त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "आन् खड्डा?"

"खड्डा टेम्पोत भरता येतो का?"

"न्हाय."

"मग खड्डा घर. फरशीत धरलाय. बुजवून घ्या, एकसारखी फरशी होईल."

"खड्डा ऱ्हाऊ दे," महादेवी म्हणाल्या. "धोटा कुटं ठिवायचा मग?"

तेवढ्यात सावित्रम्मा आली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले पेले. ज्या घरात कुणी गेलं त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या घरातून पहिला चहा येतो. तिने आधी चन्नप्पांना दिला, मग महादेवींना, मग चंद्रिकाला. पाहुणा शेवटी. उदयसिंह उभ्याउभ्याच प्यायला आणि म्हणाला, "लई भारी चहा, मावशी. कसल्या खुशीत?"

"ह्यांची चूल पेटलेली न्हाय ना," सावित्रम्मा म्हणाली.

जळक्या स्वयंपाकघराकडे बघून त्याला ते पटलं. त्याने पेला दिला, हेल्मेट घातलं आणि "येतो मामा" म्हणून गाडीला किक मारली.

सावित्रम्माने पेले गोळा केले. रिकामी किटली उचलून ती निघाली. उंबऱ्यापाशी जरा थांबली, मागाकडे तोंड करून. मग काही न बोलता ओट्याकडे गेली. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत.